पाणी ओसरल्यावर

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषयच देऊन टाकला, "श्रद्धा आणि कृतज्ञता." मी म्हटलं, "अरे, मी इंजिनिअर. दिवसभर संगणकासमोर बसून प्रोग्राममधल्या चुका शोधणारी बाई. श्रद्धेवर बोलायला कुणीतरी कीर्तनकार बोलवा." पलीकडून उत्तर आलं, "तुझ्या घरची पुस्तकं आम्ही वाळवलीत. त्यामुळं बोलायचं तूच." यावर काय बोलणार? म्हणून आज उभी आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमचं घर माहीत आहे. शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून जवळ. वर आम्ही राहायचो आणि खाली अण्णांचं बाइंडिंगचं दुकान. आपल्या शाळेचे हजेरीपट, फीची पावतीपुस्तकं, प्रयोगशाळेची रजिस्टरं, सगळं तिथंच बांधलं जायचं. दहावीला आपल्यातल्या निम्म्या वर्गाच्या प्रयोगवह्यांना अण्णांनी पुठ्ठे घातले होते, आणि कुणाकडून किती पैसे घेतले हे अजून त्यांनाच माहीत नाही. खळीचा वास आणि कटिंग मशीनचा आवाज यांतच आम्ही दोघी बहिणी वाढलो. खळ म्हणजे मैद्याची. ती शिजवायचं काम माझ्याकडं होतं आणि गुठळी झाली की बोलणीही मलाच बसायची.

आता मूळ गोष्टीकडं येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या दुकानात पुराचं पाणी शिरलं. त्या महिन्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत ज्यांच्या घरात पाणी शिरलं अशी हजारो कुटुंबं होती. चिखली आणि आंबेवाडी ही गावंच्या गावं रिकामी करावी लागली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि माणसं गेली. त्या दुःखापुढं आमचं दुःख काहीच नाही, हे मी आधीच सांगते. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, भिंत पडली नाही. नुकसान झालं ते एका छोट्या दुकानाचं. पण ७३ वर्षांच्या माणसाला त्याचं दुकान छोटं वाटत नसतं.

पंचगंगा आपल्याला नवी नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ती बनते, हे आपल्याला प्राथमिक शाळेतच पाठ करायला लावलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे तर कोल्हापुरातलं लहान पोरही सांगतं. जुनी माणसं फुटांच्या भाषेत बोलायचीच नाहीत. "मच्छिंद्री झाली का?" एवढंच विचारायची. शिवाजी पुलाच्या त्या दगडी माशाला पाणी लागलं की समजायचं, आता हलायला पाहिजे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यांतले किती उघडले, यावर पेठेपेठेत चर्चा. आमच्या गल्लीत नदीचं पाणी सरळ येत नाही. नदी फुगली की तिची फूग जयंती नाल्यातून मागं येते. गटारातून वर येणारं हे पाणी आवाज न करता येतं. रात्री झोपताना पायरीवर असतं आणि पहाटे उंबऱ्यावर.

त्या वर्षी ५ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, पाणी गल्लीत आलं. २००५ चा पूर अण्णांनी पाहिला होता, त्यामुळं त्या वेळच्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं, असा सगळ्या गल्लीचा हिशोब होता. पण या वेळी नदी ५५ फुटांच्या वर गेली. ही पातळी हयात असलेल्या कुणीच पाहिली नव्हती, त्यामुळं हिशोब चुकला असं म्हणण्यातही अर्थ नाही. जी खूण कधी पाण्याखाली गेलीच नव्हती, ती डोक्यावरून गेली.

मी पुण्यात आणि धाकटी बहीण बेळगावात. पुण्याकडून येणारा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. निपाणीजवळ वेदगंगेनं बेळगावचा रस्ता अडवलेला. दोन मुली दोन्ही बाजूंना आणि मध्ये आई-अण्णा. मी दिवसभर ज्या कामासाठी पगार घेते, ते काम म्हणजे एका ठिकाणची यंत्रणा बंद पडली तर दुसऱ्या ठिकाणाहून ती चालू राहावी. त्या आठवड्यात दोनशे चाळीस किलोमीटरवरच्या माझ्या आईला मी पाण्याची एक घागर पोचवू शकत नव्हते. आणि गंमत बघा, सगळीकडं पाणीच पाणी, पण शहरात प्यायला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच पुरात बुडालेली.

आई नंतर सांगत होती की अण्णा दोन दिवस जिना चढत-उतरत होते. दुकानात त्यांची स्वतःची रिमा होत्या, पुठ्ठे होते, तयार वह्या होत्या. त्यांतलं काहीही त्यांनी उचललं नाही. ते फक्त एका वाचनालयाची पुस्तकं वर नेत होते. पावसाळ्याच्या तोंडावर त्या वाचनालयानं ३४० जुनी पुस्तकं पुन्हा बांधायला दिली होती. ११० पुस्तकं वर गेली. मग पाणी कमरेला लागलं आणि आईनं त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं. गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी त्यांना कोरड्या रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून मंगळवार पेठेत मावशीकडं सोडलं. ती पोरं कोण होती, आईला नावं माहीत नाहीत. "एकाच्या दंडावर हनुमानाचं गोंदण होतं," एवढंच ती सांगते. कोल्हापुरात एवढ्या खुणेवरून तालमीतला पोरगा शोधायचा म्हणजे अवघडच!

महामार्ग सुरू झाल्याबरोबर मी आले. शटर वर केलं, पण ते अर्ध्यावरच अडकलं. कागद ओला झाला की फुगतो. रॅकमध्ये घट्ट लावलेल्या रिमा इतक्या फुगल्या होत्या की लोखंडी रॅक वाकून शटरला टेकले होते. आत घोट्याएवढा चिखल आणि एक असा वास, जो मी आजही विसरू शकत नाही. कटिंग मशीनवर गंज चढायला लागलेला. अण्णा आत आले, त्यांनी मशीनकडं पाहिलंही नाही. थेट मागच्या कोपऱ्यात गेले, चिखलातून एक पुस्तक उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शिवण धरून आहे."

मी तेव्हा एकच गोष्ट मनात घेऊन आले होते. दुकान बंद करायचं, घर विकायचं आणि दोघांना पुण्याला न्यायचं. धाकटीचंही तेच मत. आम्ही दोघींनी फोनवर सगळं ठरवलं होतं. अण्णांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बघू. आधी लोकांची पुस्तकं." त्यांच्या तोंडी "लोकांची पुस्तकं" हे शब्द असे यायचे, जसं कुणी "लोकांची लेकरं" म्हणतं.

मी जे करू शकत होते ते केलं. मोबाइलवर शोधायला लागले की भिजलेली पुस्तकं कशी वाचवतात. त्यातून मला एक गोष्ट समजली, जी आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हती. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला. तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय नदीच्या काठावरच. असंख्य जुने ग्रंथ चिखलात गेले. तेव्हा ठिकठिकाणाहून तरुण मुलं-मुली तिथं आली, साखळी करून हातोहात पुस्तकं बाहेर काढली, पुसली, पानापानांत कागद घालून वाळवली. लोकांनी त्यांना नाव दिलं "चिखलातले देवदूत." भिजलेली पुस्तकं वाचवण्याच्या आज वापरल्या जाणाऱ्या कितीतरी पद्धती त्या पुरानंतरच घडत गेल्या.

मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "देवदूत कुठनं आणायचे? चार माणसं मिळाली तरी पुरे."

त्या रात्री मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला. आता त्या ग्रुपबद्दल काय सांगायचं! रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र, गुलाबाचं फूल, "शुभ सकाळ", आणि दुपारी कुणीतरी पाठवलेला तोच तो विनोद. मी तो ग्रुप कायमचा म्यूट करून ठेवला होता. सगळेच तसं करतात, उगाच माझ्याकडं बघून हसू नका. मी लिहिलं होतं, "अण्णांच्या दुकानातली पुस्तकं वाळवायची आहेत. जागा, पंखे, रद्दी पेपर आणि स्वच्छ पाणी पाहिजे."

सकाळी साडेसातला कळंब्याचा आपला मित्र टेम्पोत पाण्याचे ड्रम घालून दारात उभा. त्याच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी. गल्लीतल्या बायकांनी आधी घागरी आणल्या, त्यानं आधी त्या भरून दिल्या आणि मग म्हणाला, "काका, आता पुस्तकांचं काय ते सांगा." शाळेत गणिताच्या तासाला कायम वर्गाबाहेर उभा असणारा हा गडी. सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगते, त्यानं त्या दिवशी किती ड्रमांत किती पुस्तकं धुऊन होतील याचा हिशोब तोंडी केला आणि तो बरोबर आला.

शाळेला सुट्टी होती. शाळेनं वरचा हॉल उघडून दिला. कुणी रद्दीचे गठ्ठे आणले, कुणी लग्नाच्या मंडपाचे मोठे पंखे. आपल्या वर्गातल्या ज्या पाच-सहा जणींची घरं सुरक्षित होती, त्या घरातलं आवरून दुपारी यायच्या. आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, अशा दोघी संध्याकाळी यायच्या. त्यांतली एक म्हणाली, "घरात नुसता चिखल बघून डोकं फिरतंय. इथं निदान एक एक पान कोरडं झालेलं दिसतंय."

अण्णांनी आम्हाला शिकवलं. चिखलाचं पुस्तक उघडायचं नाही, मिटलेलं धरूनच पाण्यात हलवायचं, म्हणजे चिखल आत शिरत नाही. उन्हात ठेवायचं नाही, पानं वेडीवाकडी होतात. सावलीत, वाऱ्यावर ठेवायचं. थोड्या थोड्या पानांमागं रद्दीचा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. छापील अक्षर टिकतं, कारण छपाईची शाई तेलाची असते. बॉलपेनचंही बहुतेक टिकतं. पण फाउंटन पेननं लिहिलेलं पाण्यात विरघळून जातं. चकचकीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत, त्यांचा नाद सोडायचा. आणि ज्या पुस्तकांची पानं नुसत्या गोंदानं पाठीला चिकटवलेली होती, ती हातात घेताच सुटी झाली. जी जुजबंदी करून, म्हणजे फर्म्यांना फर्मे दोऱ्यानं शिवून बांधलेली होती, ती सात दिवस पाण्यात राहूनही एकत्र राहिली. अण्णांनी त्यांची शिवण स्वतः उसवली, फर्मे वेगळे वाळवले. मी विचारलं, "टिकलेली शिवण कशाला उसवताय?" म्हणाले, "शिवलेलं उसवता येतं, आणि उसवलेलं पुन्हा शिवता येतं. चिकटवलेलं फाटतंच."

आपल्या मराठीच्या बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. गुडघ्याचा त्रास असतानाही चार दिवस खुर्ची घेऊन हॉलमध्ये बसल्या आणि पान न् पान उलटत राहिल्या. मध्येच एखादं पुस्तक घेऊन म्हणायच्या, "हे मी कॉलेजात असताना वाचलं होतं." मग काम थांबायचं आणि आम्हाला गोष्ट ऐकायला मिळायची. बाई, तुम्ही समोर आहात. तुमच्यामुळं आमचं काम अर्ध्या दिवसानं लांबलं, आणि तो अर्धा दिवस आम्हाला जन्मभर पुरेल.

त्या वर्षी १५ ऑगस्टला राखी पौर्णिमाही होती. खाली झेंडावंदन झालं आणि वर आम्ही पुस्तकांत. राख्या कुणाकडं होत्या? मग अण्णांच्या बाइंडिंगच्या दोऱ्याचे तुकडे कापून बांधले. शाळेत राखीच्या दिवशी जी मुलं हमखास आजारी पडायची, त्यांनी त्या दिवशी स्वतःहून हात पुढं केले. वयाच्या चाळिशीला पोचल्यावर पोरं सुधारतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पाण्यात राहिलेल्या २३० पुस्तकांपैकी १५८ वाचली. ७२ गेली. अण्णा वाचनालयात गेले, तेव्हा मी बरोबर होते. खिशात पासबुक घेतलं होतं त्यांनी. म्हणाले, "७२ पुस्तकांचे पैसे मी हप्त्यानं देईन." तिथले वयस्कर कार्यवाह थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अण्णा, पुस्तकं तुमच्या विश्वासावर दिली होती. पाण्याचा हिशोब तुमच्याकडं मागायचा नसतो." पैसे घेतले नाहीत. पण अण्णांनी ७२ नावांची यादी मागून घेतली. ती यादी आपल्या ग्रुपवर गेली, आणि दिवाळीपर्यंत तुमच्या घरच्या कपाटांतून त्यांतली ३१ पुस्तकं आली. एकावर आतल्या पानावर लिहिलं होतं, "बाबांचं होतं. आता सगळ्यांचं."

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी कटिंग मशीन सगळं खोलून, तेलात घालून पुन्हा जोडलं. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "दसऱ्याला बघू." ८ ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला अण्णांनी त्या मशीनला झेंडूची माळ घातली, मिस्त्रींना बोलावून पहिला कागद त्यांच्या हातून कापून घेतला. मग पाकीट दिलं. तेही त्यांनी निम्मंच घेतलं.

आता श्रद्धेबद्दल. ती मला आईनं समजावून सांगितली, आणि तीही भांडता भांडता. त्या दिवसांत मी एकदा चिडून म्हणाले, "आई, तू इतकी वर्षं दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातीस. देवानं काय राखलं?" आई शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, वाडीला देवाच्या घरातच पाणी शिरतंय. तुझ्या अण्णांच्या दुकानाचं काय घेऊन बसलीस?"

तुम्ही वाडीचे दक्षिणद्वार सोहळे पाहिले आहेत. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं स्थान आहे. पाणी चढलं की ते मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. लोक त्या वेळी रडत बसत नाहीत. त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतात. आणि पाणी आणखी वाढायला लागलं की उत्सवमूर्ती वरच्या जागी नेतात. पूजा तिथं चालू राहते. पाणी उतरलं की गाळ काढतात, मंदिर धुतात, देव पुन्हा खाली येतात.

आई म्हणाली, "पाणी येऊ नको, असं तिथं कुणी म्हणत नाही. पाणी येणारच. देवाला वर न्यायला माणसं असतील आणि नंतर गाळ काढायलाही माणसं असतील, एवढं माहीत असतंय. तेवढं माहीत असलं की बास."

मी इंजिनिअर आहे, आणि मला हे आईच्या तोंडून कळलं याची मला गंमत वाटते. कारण आमच्या धंद्याचा पहिला धडा हाच आहे. यंत्र बंद पडणार नाही असं गृहीत धरून जो प्रणाली बांधतो, तो कच्चा. ते बंद पडणारच हे धरून चालायचं आणि तेव्हा भार कोण उचलेल हे आधी ठरवायचं. फरक एवढाच की आमच्याकडं भार उचलायला दुसरं यंत्र असतं, आणि वाडीला माणूस असतो. त्या माणसावर आधीच भरवसा टाकणं, त्याला मी आता श्रद्धा म्हणते. देव त्या माणसाच्या पलीकडं आहे की त्याच्यातच आहे, हा प्रश्न मी आईवर सोडला आहे. तिची त्याबद्दल काही शंका नाही.

कृतज्ञतेबद्दलही एक बोलायला हवं, कारण तिचा एक धोका आहे. "सगळं देवाच्या कृपेनं निभावलं" असं म्हणून आपण गप्प बसतो. निभावलं, पण सगळ्यांचं निभावलं नाही. नदीकाठी निळी पूररेषा असते आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची. त्या रेषांच्या आत काय बांधलं जातंय, नाल्यात काय टाकलं जातंय, हे विचारणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. ज्या पोरांनी माझ्या आईला खांद्याचा आधार दिला, त्यांना दर दोन वर्षांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागू नये, असं वाटणं हीच त्यांच्याबद्दलची खरी कृतज्ञता. आभार मानायचे आणि प्रश्नही विचारायचे. दोन्ही एकाच तोंडानं करता येतं.

दोन वर्षांतच परीक्षा आली. २०२१ च्या जुलैत नदी २०१९ पेक्षाही थोडी वर गेली. पण या वेळी आमच्या घरी नियम ठरला होता. बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की लोकांची पुस्तकं वर. ४३ झाले की रिमा वर आणि कटिंग मशीनची मोटर काढून वर. त्यानंतर आई-अण्णा मावशीकडं. कळंब्याचा टेम्पो न बोलावता आला होता. करोनाचे दिवस असल्यामुळं सगळे तोंड बांधून काम करत होते, कोण कोण आहे हे आईला आवाजावरूनच ओळखावं लागत होतं. पाणी आलं, रिकाम्या दुकानात पाच दिवस राहिलं आणि निघून गेलं. एकही पुस्तक भिजलं नाही. अण्णा म्हणाले, "आलं तसं बघून गेलं."

घर विकायचा विषय त्यानंतर आम्ही काढला नाही. अण्णांचं म्हणणं एका वाक्यात होतं, "पुण्यात पाणी येणार नाही कदाचित, पण टेम्पोही येणार नाही." पुण्यात राहणारी मी यावर काय उत्तर देणार? २०२४ च्या जुलैत नदीनं पुन्हा धोका पातळी ओलांडली, तेव्हा मी कार्यालयात बसून फोन केला. आई म्हणाली, "पुस्तकं वर गेलीत, आम्ही जेवायला बसलोय, मग बोलू." मी फोन ठेवला आणि कामाला लागले. इतक्या निवांतपणे फोन ठेवता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांचे आई-वडील लांब राहतात त्यांनाच कळेल.

शेवटी एक काम सांगते. आभार मानायला मी नावं घ्यायला लागले तर जेवणं थंड होतील, आणि ज्यांची नावं घ्यायला हवीत ते आताच खाली बघायला लागले आहेत. म्हणून अण्णांनी दुसरा उपाय केला आहे. त्यांनी आपल्या तुकडीसाठी एक जाड वही बांधून पाठवली आहे. वयाच्या ७९ व्या वर्षी स्वतःच्या हातानं जुजबंदी केलेली. त्यात रकाने आखले आहेत. कुणाकडं टेम्पो आहे, कुणाकडं विहीर किंवा बोअर आहे, कुणाच्या घरी वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली आहे, कुणाकडं जनरेटर आहे, कुणाला पोहता येतं, कोण डॉक्टर आहे. आणि शेवटचा रकाना आहे, "कुणाचे आई-वडील नदीच्या बाजूला एकटे राहतात." हा रकाना सगळ्यांत आधी भरा. आपल्यातले निम्मे पुण्या-मुंबईत आणि परदेशात आहेत. त्यांना पाणी अडवता येणार नाही, पण हा रकाना भरता येईल.

वही बाहेर हार-तुऱ्यांच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी आपापलं नाव लिहून जा. तिथं बॉलपेनच ठेवायला अण्णांनी सांगितलं आहे. शाईचं पेन कुणी खिशातून काढू नका.